बोन्सायची नाहक बदनामी

शिवी देण्यासाठी आपल्या भाषेला नेहमी कोणीतरी गरीब प्राणी लागतो. गाढवाने कधी कोणाचे वाईट केल्याचे ऐकिवात नाही, तरी मूर्ख माणूस दिसला की आपण गाढवाचे नाव घेतो. बैल जन्मभर आपली शेते नांगरतो आणि बदल्यात 'बैलबुद्धी' हा शब्द मिळवतो. घुबड बिचारे रात्रभर उंदीर मारून आपले धान्य राखते, पण ते घरावर येऊन बसले की घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या छातीत धडकी भरते. या दुर्दैवी मंडळींत गेल्या काही वर्षांत एका झाडाची भर पडली आहे. ते झाड म्हणजे बोन्साय. शाळेच्या बक्षीस समारंभात पाहुणे सांगतात, "मुलांचे बोन्साय करू नका." परिसंवादात कोणी म्हणते, समाजाने स्त्रीचे बोन्साय केले. भाषेच्या दिवशी मराठीचे बोन्साय झाल्याबद्दल अश्रू ढाळले जातात. पतपेढीच्या वार्षिक सभेत अध्यक्षसुद्धा टेबलावर मूठ आपटून गर्जतात की, आपल्या संस्थेचे बोन्साय होऊ देणार नाही! प्रत्येक वेळी टाळ्या पडतात. त्या टाळ्यांच्या मध्येच कोणी उठून विचारावे, "आपल्यापैकी किती जणांनी एखाद्या बोन्सायला सलग वर्षभर पाणी घातले आहे?" मग सभागृहात पंख्यांचा आवाज तेवढा ऐकू येईल.

मी एका तालुक्याच्या गावी शाळेत चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. विद्वत्ता म्हणाल तर ती दहावीच्या दाखल्यापलीकडे फारशी गेलेली नाही. वनस्पतिशास्त्राच्या कोणत्याही पदवीचा आधार माझ्या शब्दांना नाही. परंतु गेली सोळा वर्षे माझ्या गच्चीवर बोन्सायच्या कुंड्या आहेत. आज त्यांची संख्या चौदा आहे. रोज सकाळी शाळेची घंटा होण्यापूर्वीचा अर्धा तास आणि उन्हाळ्यात संध्याकाळचा आणखी अर्धा तास मी त्यांच्या सहवासात काढतो. तेव्हा आरोपीला रोज जवळून पाहणारा साक्षीदार म्हणून चार शब्द बोलण्याचा हक्क मला आहे, अशी माझी नम्र समजूत आहे. फराळाच्या ताटाशेजारी वादाचा विषय आणू नये म्हणतात. पण ताटातली एखादी चकली तिखट निघाली म्हणून कोणी दिवाळी सोडून उठत नाही.

आधी आरोपीची ओळख. जपानी भाषेत 'बोन' म्हणजे उथळ तबक आणि 'साय' म्हणजे लागवड. तबकातली लागवड, एवढाच या भारदस्त शब्दाचा अर्थ. कला मूळची चीनची. तिथे तिला पेनजिंग म्हणतात. तांग घराण्यातील ली श्यान या राजपुत्राचे थडगे इ. स. ७०६ मध्ये बांधले गेले. त्याच्या भिंतीवर खडक आणि रोपे मांडलेले तबक हातात घेतलेले सेवक चितारलेले आहेत. म्हणजे तेराशे वर्षांपूर्वीही हा प्रकार राजवाड्यात होता. चीनमधून तो जपानात गेला आणि तिथे त्याला आजचे रूप आले. १९२३ च्या भूकंपाने तोक्यो शहर उद्ध्वस्त केले, तेव्हा तेथील बोन्सायचे माळी आपली झाडे घेऊन मोकळ्या हवेच्या आणि चांगल्या मातीच्या शोधात निघाले आणि १९२५ मध्ये ओमिया येथे त्यांनी आपली वसाहत वसवली. ती वसाहत आजही नांदते आहे. घर पडले असता माणूस काय उचलून नेतो यावरून त्याचे प्रेम कळते, असे आपल्याकडे समजतात. त्या माळ्यांनी झाडे नेली.

पहिला गैरसमज असा की, बोन्साय ही झाडाची एखादी खुजी जात आहे. तशी जात नाही. कुंडीतला उंबर आणि ओढ्याकाठचा उंबर यांच्या बियांत काडीचाही फरक नसतो. बोन्सायचे बी मोकळ्या जमिनीत पेरले तर त्याचा मोठा वृक्षच होईल. फार काय, कुंडीतले झाड उचलून जमिनीत लावले तरी ते पुन्हा उंच वाढू लागेल. त्याच्या स्वभावातून काहीच काढून घेतलेले नसते. ज्यांना 'कायमचे खुरटलेले' या अर्थी शब्द हवा आहे, त्यांनी तो दुसरीकडे शोधावा.

आता आरोपांकडे वळू. सर्वांत जुना आणि सर्वांत वजनदार आरोप क्रूरपणाचा आहे. तो आपल्या वक्त्यांनी शोधलेला नाही. त्याला जवळजवळ सातशे वर्षे झाली आणि तो करणारा माणूस जपानीच होता. चौदाव्या शतकात केन्को नावाच्या भिक्षूने आपल्या टिपणांच्या पुस्तकात सुकेतोमो या सरदाराची गोष्ट सांगितली आहे. सुकेतोमो एकदा पावसात सापडला आणि तोजी मंदिराच्या दरवाजाखाली आडोशाला उभा राहिला. तिथे हातपाय वाकडे झालेले भिकारी जमले होते. प्रथम त्याला त्यांचे आकार विलक्षण, पाहण्याजोगे वाटले. थोड्याच वेळात मन विटले. घरी आल्यावर त्याला आपल्या कुंड्यांतली वाकडीतिकडी झाडे आठवली, त्यांच्यातही त्याला तेच दिसू लागले आणि त्याने ती सारी उपटून फेकून दिली.

गोष्ट सुंदर आहे आणि तिच्यात दम आहे. पण ती पुन्हा एकदा नीट वाचा. भिकारी पावसात होते. सरदाराजवळ घर होते, नोकर होते, अन्न होते. त्याने घरी जाऊन काय केले? झाडे उपटली! भिकाऱ्यांच्या ताटात काही पडले की नाही, याचा गोष्टीत उल्लेखही नाही. माणसाच्या दुःखाने मन कळवळले आणि राग निघाला झाडावर. आमच्या व्यासपीठांवर आज जे चालते ते याहून फारसे वेगळे नाही. स्त्रीच्या वाट्याला आलेली कोंडी खरी आहे, मुलांच्या डोक्यावरचे ओझे खरे आहे, त्यांविषयी बोललेच पाहिजे. परंतु कुंडीतल्या झाडाला शिवी दिली की त्यांच्याविषयीचे आपले कर्तव्य उरकले, अशी एक सोयीची समजूत त्या टाळ्यांच्या मागे असते. माझे भांडण त्या समजुतीशी आहे.

शिवाय वाकडे म्हणजे विद्रूप, हे तरी कोणी ठरवले? महाबळेश्वरच्या पठारावर अंजनी आणि जांभळीची झाडे पाहा. वारा, पाऊस आणि कातळावरची वीतभर माती यांनी त्यांना बुटके ठेवले आहे, आणि ती पाहावयाला आपण गाड्या करून जातो. गडावर गेलो की तटाच्या फटीतून बाहेर आलेला पिंपळ आपल्याला थबकून उभे करतो. मूठभर मातीवर, दगडाला मिठी मारून तो उभा असतो. बोन्साय करणारा माणूस त्याच झाडाची नक्कल करीत असतो. सोसूनही उभे राहिलेल्या झाडाला तो विद्रूप समजत नाही. त्या झाडापुढे तो नम्र होतो, म्हणून तर ते आपल्या अंगणात असावे असे त्याला वाटते.

"पण कात्री तर चालवता ना?" असे विचारणारे लोक आहेत. चालवतो. या दिवाळीत तुमच्या दाराला लागलेल्या तोरणातला झेंडू कसा आला, ते एकदा शेतकऱ्याला विचारा. रोप वाढीला लागले की त्याचा शेंडा खुडतात. शेंडा खुडला की खालचे डोळे फुटतात, बाजूच्या फांद्या येतात आणि फुले दुप्पट धरतात. तुळशीच्या मंजिऱ्या तुमच्या आजी खुडत असत आणि तुमच्या आईही खुडतात. त्याने तुळस डेरेदार होते. आता चार दिवसांनी त्याच तुळशीचे लग्न लावताना कोणाला तिच्यावर अत्याचार झाल्याचे आठवणार नाही. नाशिककडे द्राक्षाच्या वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी. शब्द पाहा, गोडी छाटणी! छाटणीतून गोडी येते, हे आमच्या शेतकऱ्याने नावातच सांगून ठेवले आहे. आणि ज्या चहाचा कप हातात घेऊन हा लेख आपण वाचत असाल, त्या चहाचे झुडूप मोकळे सोडले तर चांगले झाड होते. पाने खुडता यावीत म्हणून ते जन्मभर कंबरेएवढे छाटून ठेवतात. चहाला मात्र कोणी शिवी केले नाही, कारण तो आपण पितो.

मुळे कापण्याचे नाव काढले की ऐकणाऱ्याच्या अंगावर अधिकच काटा येतो. तेव्हा तेही सांगतो. कुंडीत दोन-तीन वर्षे झाली की मुळांची गच्च जाळी होते. माती उरत नाही आणि पाणी आत शिरत नाही. मग पावसाच्या तोंडावर झाड अलगद बाहेर काढायचे, जुन्या मुळांचा सुमारे तिसरा हिस्सा, त्यातही जाड आणि लांबलेली मुळे, कापायचा आणि नव्या मातीत झाड बसवायचे. विटांचा चुरा, जाड वाळू, पोयटा आणि चांगले कुजलेले शेणखत असे माझ्याकडच्या मातीचे मिश्रण असते. कापल्या जागी केसांसारखी बारीक नवी मुळे फुटतात, आणि झाड पाणी व अन्न घेते ते याच मुळांनी. जाड मूळ प्रामुख्याने धरून ठेवण्याच्या आणि साठवणीच्या कामाचे. म्हणजे ज्याला लोक खच्चीकरण समजतात, त्यातून झाड तरुण होते. ते न केले तर मात्र ते आपल्याच मुळांत गुदमरून मरते.

आमच्या शाळेतली सातवीतली एक मुलगी एकदा गच्चीवर आली होती. माझ्या हातात कात्री होती. तिने विचारले, "सर, याला दुखत नाही का?"

मी म्हटले, "तुला-मला जसे दुखते तसे दुखायला मज्जातंतू लागतात. ते झाडाला नसतात."

"मग कसेही कापले तरी चालेल?"

"नाही. जखम त्यालाही होते आणि ती भरायला त्याला ताकद खर्चावी लागते. म्हणून कात्रीला धार हवी, वेळ योग्य हवी आणि जेवढे हवे तेवढेच कापायला हवे."

ती थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे दुखत नसले तरी जपायचे." या छंदाचा सारा धर्म तिने पाच शब्दांत सांगितला. मला तो एवढ्या थोडक्यात कधी सांगता आला नसता.

क्रूर बोन्साय नसतातच असे मी म्हणणार नाही. फांदीला वळण देण्यासाठी तिच्याभोवती ॲल्युमिनियमची किंवा तांब्याची तार गुंडाळतात. वाढीच्या दिवसांत फांदी भराभर जाडावते. तार वेळेवर काढली नाही तर ती सालीत रुतते आणि तिचा वण वर्षानुवर्षे राहतो. असे रुतलेले वण मी पाहिले आहेत. पण ते वण बेफिकीर हाताचे आहेत. वाईट सुतार खुर्ची बिघडवतो म्हणून सुतारकामाला कोणी गुन्हा म्हणत नाही. चांगला बोन्साय करणारा तार लावल्यावर दर चार दिवसांनी फांदी बोटाने चाचपून पाहतो. शिस्त लावणाऱ्याने ती कधी सोडायची हेही जाणले पाहिजे, हा नियम झाडाबाबत पाळणारी माणसे मी पाहिली आहेत. माणसांबाबत तो किती पाळला जातो, ते ज्याचे त्याने पाहावे.

दुसरा आरोप उपासमारीचा. म्हणे या झाडांना अर्धपोटी ठेवतात, म्हणून ती लहान राहतात. उपाशी झाडाला कधी पालवी फुटते? माझ्याकडच्या डाळिंबाला दर वर्षी फुले येतात आणि एक-दोन फळेही धरतात. गंमत अशी की, छाटणीने पाने बारीक होतात, पण फूल आणि फळ बहुधा आपल्या जातीच्या मापाचेच राहते. हातभर झाडावर मुठीएवढे डाळिंब लोंबू लागले की त्याला खालून टेकू द्यावा लागतो. हे उपाशी झाडाचे लक्षण नव्हे. खरे म्हणजे उथळ कुंडीतल्या झाडाला जमिनीतल्या झाडापेक्षा अधिक खाऊ-पिऊ घालावे लागते, कारण त्याला खोल जाऊन स्वतःचे पाणी शोधण्याची सोय नसते. चैत्र-वैशाखात माझ्या कुंड्यांना दोन वेळा पाणी लागते. एक दिवस चुकला तर पाने मान टाकतात. म्हणून या छंदाच्या माणसाला उन्हाळ्याच्या सुटीत गावाला जायचे असले की आधी शेजारी शोधावा लागतो!

उपासमारीने चारशे वर्षे कोणी जगत नाही. जपानमधील यामाकी घराण्याकडे एक पांढरा पाइन होता. १६२५ पासून तो कुंडीत वाढवला जात आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला, तेव्हा हे झाड त्या जागेपासून सुमारे तीन किलोमीटरांवर यामाकींच्या अंगणात, भिंतीच्या आडोशाला होते. ते वाचले. १९७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे झाली, त्या वेळी जपानने जी त्रेपन्न बोन्साय झाडे भेट पाठवली, त्यांत मसारू यामाकी यांनी हे झाड दिले. ज्या देशाने बाँब टाकला त्या देशाला! झाडाचा हा इतिहास त्यांनी भेटीबरोबर मिरवला नाही. २००१ मध्ये त्यांचे दोन नातू ते झाड पाहायला वॉशिंग्टनच्या उद्यानात गेले, तेव्हा तो तिथल्या लोकांना कळला. आता मला सांगा, एखाद्याला 'बोन्साय' म्हणताना आपण त्याला कमी लेखतो, की त्याच्या पात्रतेबाहेरचा मान देतो?

तिसरा आरोप अपशकुनाचा. घरात बोन्साय ठेवले की घराची भरभराट खुंटते, असे वास्तूचे जाणकार म्हणवणारे काही लोक सांगतात. यावर फार शाई खर्च करावी असे मला वाटत नाही. हे खरे असते तर जपान देश केव्हाच भिकेला लागला असता. वटपौर्णिमेला वडाच्या फांद्या मोडून त्यांची बाजारात जुडी विकली जाते, रस्त्याकडेच्या झाडांच्या बुंध्याला गळफास बसेपर्यंत सिमेंट ओतले जाते, त्यांच्या खोडांत जाहिरातींच्या पाट्यांचे खिळे ठोकले जातात. यातल्या कशानेही आपली भरभराट खुंटत नाही. ती खुंटते मात्र गच्चीवरच्या हातभर उंबराने!

कोणी असेही म्हणतात की, असल्या नाजूक छंदात रमणारा माणूस जगाला पारखा होतो. त्याला उत्तर म्हणून जपानी नो रंगभूमीवरचे 'हाचि नो कि' हे जुने नाटक पुरेसे आहे. सानो गेन्झाएमोन नावाचा एक दरिद्री झालेला योद्धा. जमीन गेली, वैभव गेले, उरली फक्त तीन कुंड्यांतली झाडे. एक प्लमचे, एक चेरीचे, एक पाइनचे. हिमवर्षावाच्या रात्री एक अनोळखी भिक्षू आसरा मागतो. घरात सरपण नाही. तेव्हा तो आपली ती तिन्ही लाडकी झाडे तोडून पाहुण्यासाठी शेकोटी पेटवतो. भिक्षू म्हणजे वेष पालटलेला राज्यकर्ता होजो तोकियोरी असतो आणि पुढे तो त्याची गेलेली जमीन परत देतो, ही नंतरची गोष्ट झाली. झाडे जाळताना सानोला ती ठाऊक नव्हती. सुकेतोमोने माणसांना पाहून झाडे फेकली आणि माणसे होती तिथेच राहिली. सानोने माणसासाठी झाडे दिली. दोघांत झाडांवर खरे प्रेम कोणाचे होते आणि माणसांवर कोणाचे, हे मी सांगावयास नको.

आता मुलांकडे येतो. हा माझ्या पोटापाण्याचा आणि काळजाचा विषय आहे.

काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला मोठ्या शहरातून एक पाहुणे आले होते. बोलता बोलता ते म्हणाले की, खेड्यापाड्यांतल्या शाळांत बोन्साय तयार होतात. ज्याला वटवृक्ष व्हायचे असेल त्याने इथून बाहेर पडले पाहिजे. टाळ्या झाल्या. श्रोत्यांत दहावीचा एक मुलगा बसला होता. त्याचे वडील कुंभार. माझ्या कुंड्यांची उथळ तबके हाच मुलगा करतो. त्याला चाकावरचा हात देवाने दिलेला आहे. दुसऱ्या दिवशी तो नवे तबक घेऊन आला. तळाला पाण्यासाठी दोन भोके, कड बोटभर बाहेर वळवलेली, जशी सांगितली होती अगदी तशी. ते खाली ठेवून म्हणाला, "सर, काल पाहुणे म्हणाले ते बोन्साय म्हणजे हीच झाडे ना?"

"हीच."

"मग ते नावे का ठेवत होते? तुम्ही तर यांना पोरांसारखे जपता."

मला त्या भाषणाचा राग आला तो या क्षणी. तो मुलगा दुखावला गेला नव्हता. त्याला ती शिवी कळलीच नव्हती, कारण त्याने खरे बोन्साय पाहिले होते. पण त्याच्या बाजूला बसलेल्या साठ मुलांना ती कळली होती. आपण ज्या गावात आहोत, आपल्या बापाचा जो धंदा आहे, आपल्या हातात जी कला आहे ती सारी खुजी, आणि इथे राहणे म्हणजे खुरटणे, हे त्यांना टाळ्यांच्या गजरात सांगण्यात आले होते. विचार करा, त्या पाहुण्यांनी मुलांना मोजले कशाने? उंचीने! वटवृक्ष चांगला, कारण तो उंच. जी मोजपट्टी मुलांना पहाटे पाचपासून शिकवण्यांच्या फेऱ्यांत फिरवते, जी गुणांच्या अर्ध्या टक्क्यासाठी घरात अबोला धरायला लावते, तीच मोजपट्टी हातात धरून हे लोक "मुलांचे बोन्साय करू नका" म्हणतात. म्हणजे त्यांचा अर्थ इतकाच की, मुलांना ताणून उंच करा. मुलाला गुदमरवणारी गोष्ट कोणती असेल तर ती ही घाई. आणि बोन्सायच्या गच्चीवर घाईला मुळी प्रवेशच नाही. तिथे एक फांदी मनासारखी व्हायला पाच पावसाळे जातात.

येथे कोणी मला पकडील. "म्हणजे गुरुजी, मुलांना छाटावे, तारा गुंडाळाव्यात असे तुमचे म्हणणे?" मुळीच नाही. झाडाची कोणती फांदी ठेवायची ते मी ठरवतो. कारण झाडाला 'मला चित्रकार व्हायचे नाही' असे म्हणता येत नाही. मुलाला म्हणता येते आणि ते ऐकणे हे शिक्षकाचे आणि आईबापांचे पहिले काम आहे. मूल हे माझ्या आवडीच्या आकाराचे तबक भरण्यासाठी जन्मलेले नाही. म्हणून मुलाला बोन्साय म्हणू नये हे मलाही मान्य आहे. पण त्याला वटवृक्षही म्हणू नये. ते मूल आहे. झाडांवरून माणसाविषयी फार तर एवढेच शिकता येईल की, जिवंत वस्तूकडे रोज पाहावे लागते. कोणते पान पिवळे पडले, कोणती फांदी उजेडाकडे वळली, हे रोज पाहणाऱ्यालाच कळते. वर्गातल्या साठ चेहऱ्यांपैकी आज कोणता उतरला आहे, हेही तसेच कळते.

जाता जाता माझ्याच गोटातल्या लोकांनाही दोन शब्द. दिवाळीत भेट म्हणून तयार बोन्साय देण्याची एक टूम निघाली आहे. चकचकीत कुंडी, मातीवर चिकटवलेले पांढरे गोटे, सोनेरी फीत. घेणारा ती दिवाणखान्यात दूरचित्रवाणीशेजारी ठेवतो. तिथे ऊन नाही, वारा नाही. चिकटलेल्या गोट्यांमुळे पाणी मुळांपर्यंत पोहोचत नाही. होळीपर्यंत झाड वाळते आणि घेणारा सांगतो, बोन्साय म्हणजे नसता उपद्व्याप! फटाका वाजवून संपतो. झाड संपण्यासाठी नसते. ज्याने मागितले नाही त्याला ते देऊ नये.

ज्याला खरोखर हवे असेल त्याने बाजारात जाऊच नये. आपल्याच इमारतीच्या भिंतीच्या फटीत, गच्चीच्या पन्हळीत वडा-पिंपळा-उंबराचे रोप पक्ष्यांच्या कृपेने उगवलेले असते. नाहीतरी भिंत फुटेल म्हणून ते कोणीतरी उपटणारच असतो. पावसात ते मुळासकट हळूच काढा. पहिली दोन-तीन वर्षे साध्या मोठ्या कुंडीत मोकळे वाढू द्या, म्हणजे खोड भरेल. मग शेंडा खुडा, बाजूच्या फांद्या येऊ द्या आणि पुढच्या एखाद्या पावसाळ्यात उथळ तबकात आणा. ऊन द्या, रोज माती बोटाने चाचपून पाणी द्या. खर्च चहाच्या दोन-चार कपांचा आणि वेळ उरलेल्या आयुष्याचा. घरात लहान मूल असेल तर पाण्याचे काम त्याच्याकडे सोपवा. दहा वर्षांनी ते मूल झाडाकडे बोट दाखवून पाहुण्यांना सांगेल की, हा आमच्या भिंतीतला उंबर. आपल्या हाताने वाचवलेल्या जिवाविषयी असे बोलता येणे हे काही लहान भाग्य नाही.

राहता राहिला वक्त्यांचा प्रश्न. बोन्साय काढून घेतल्यावर त्यांनी भाषणात कोणती उपमा वापरावी? त्यांची अडचण मी समजू शकतो, आणि रिकाम्या हाताने त्यांना परत पाठवणे सणाच्या दिवसांत बरे दिसणार नाही. प्रत्येक इमारतीच्या जिन्यात, कोपऱ्याच्या वळणावर, एक कुंडी असते. ती कोणी आणली ते कोणाला आठवत नाही. माती तडकलेली, त्यात विझलेल्या उदबत्त्यांच्या काड्या आणि चॉकलेटचे कागद, आणि मधोमध एक काटकुळे रोप, ज्याला ना कोणी कधी कात्री लावली, ना तार गुंडाळली, ना कोणी आकार दिला. त्याला पूर्ण स्वातंत्र्य आहे. फक्त गेल्या कित्येक महिन्यांत त्याच्याकडे कोणी पाहिलेले नाही. ज्यांची वाढ खरोखरच खुंटली आहे अशा मुलांविषयी, माणसांविषयी, संस्थांविषयी बोलताना आमच्या वक्त्यांनी त्या कुंडीचे नाव घ्यावे. उपमा अचूक बसेल. आणि सभा संपवून जिना चढताना एखाद्याने थांबून तिच्यात तांब्याभर पाणी ओतले, तर भाषणही फुकट गेले असे म्हणता येणार नाही.